शहापूरच्या आजींच्या वह्या

गेल्या महिन्यात शहापूरच्या आजी गेल्या. वय एकोणनव्वद. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर कुणाकडून करून घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नाही. पेपरात चार ओळींची बातमी आली आणि तिच्या शेवटी रिवाजाप्रमाणं ‘त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नात असा परिवार आहे’ असं छापलं गेलं. ते बरोबरच आहे. पण त्यांच्या पश्चात अकरा वह्याही आहेत, आणि आजचा मजकूर त्या वह्यांविषयी आहे.

आजींचं नाव मी देणार नाही. ही त्यांचीच अट. “माझं नाव कशाला छापतोस? गल्लीचं छाप की,” असं त्या म्हणायच्या. गल्लीचं नाव छापलं तर त्यांचं घर कुणालाही सापडेल, म्हणून तेही सोडून देतो. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत. बेळगावात जन्म, 1955 साली लग्न होऊन शहापुरात आल्या. आज बेळगाव आणि शहापूर हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात, पण आजींच्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्या परक्या राज्यात. रस्त्याच्या अलीकडं इंग्रजांचा मुंबई इलाखा आणि पलीकडं शहापूर, म्हणजे सांगलीकर पटवर्धनांचं संस्थान. 1948 साली संस्थान विलीन झालं आणि ती हद्द पुसली गेली. सासूबाई मात्र शेवटपर्यंत बाजाराला निघताना “बेळगावला जाऊन येते” म्हणायच्या, जणू एसटी धरून जायचं आहे. आजींच्या पहिल्या वहीचं पहिलं वाक्य हेच आहे.

मी 2008 साली कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, तेव्हा त्यांची ओळख झाली. एक दिवस स्टाफरूमच्या दारात नऊवारी नेसलेल्या, हातात कापडी पिशवी धरलेल्या बाई उभ्या. “मोडी वाचणारा कोण आहे का हो इथं?” पिशवीत सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचे जमाखर्चाचे कागद होते. मला मोडी येत होती ती अक्षर लावत वाचण्यापुरती. तेवढ्यावर आमचं जमलं. पुढं सतरा वर्षं मी त्यांच्या घरी जात राहिलो. मला त्या आधी ‘सर’ म्हणायच्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एकदम ‘तू’वर आल्या, आणि मलाही ते बरं वाटलं.

त्या लिहायला कशा लागल्या, याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नात. मुलानं धारवाडकडच्या कन्नड मुलीशी लग्न केलं. घरात कुरकुर झाली नाही असं नाही, पण ती आजींनी केली नाही. सून कामाला जाणारी, त्यामुळं नात आजींच्या हाताखाली वाढली. तिचा डबा, तिची वेणी, तिचा ताप, तिचं शाळेतलं रुसणं हे सगळं यांच्याकडं. ती यांना ‘अज्जी’ म्हणायची. शाळा मात्र कन्नड माध्यमाची. आजींना कन्नड फाडफाड बोलता यायचं; भाजीवाली, विणकर, बसचा कंडक्टर या सगळ्यांशी त्या कन्नडच बोलत. पण लिहिता-वाचता येत नव्हतं. मग वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी नातीच्या पहिलीच्या पुस्तकावरून कन्नड अक्षरं गिरवायला घेतली. दोघी जमिनीवर शेजारी शेजारी पाट्या घेऊन बसायच्या. नात शाळेत शिकून यायची आणि घरी शिक्षिका व्हायची. आजींच्या जोडाक्षरांना ती लाल खडूनं फुल्या मारायची, असं सूनबाईंनी मला सांगितलं.

दुसरीत असताना त्या पोरीनं विचारलं, की आपल्या गल्लीला हे नाव का? आजींना सांगता आलं नाही. शेजारी विचारलं तर तीन घरांनी तीन कारणं सांगितली. त्यांनी तिन्ही लिहून ठेवली आणि प्रत्येकापुढं सांगणाऱ्याचं वय लिहिलं. इतिहासलेखनाची सुरुवात ही अशी झाली. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना हे पचायला जरा जड जाईल, पण मला त्यातली शिस्त पहिल्या दिवशीच दिसली. डाव्या समासात त्या प्रत्येक मजकुराला एक अक्षर घालत: ‘ऐ’ म्हणजे ऐकीव, ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेलं, ‘का’ म्हणजे कागद हाती आहे. एखाद्या ऐकीव गोष्टीला नंतर कागद सापडला तर ‘ऐ’ खोडायचा नाही, शेजारी ‘का’ लिहायचा. कुंद्याचा शोध बेळगावात कुणी लावला, याच्या ज्या गोष्टी आपण सगळे पाहुण्यांना रंगवून सांगतो त्या सगळ्या त्यांच्या वहीत आहेत, आणि सगळ्यांपुढं ‘ऐ’.

मला सगळ्यात आवडते ती चौथी वही. तीत त्यांनी नुसते लिफाफे आणि पोस्टकार्डं चिकटवली आहेत. पहिलं पत्र लग्नाच्या वर्षीचं, माहेरच्या काकांचं: शहापूर, जिल्हा बेळगाव, मुंबई राज्य. मग 1956 नंतरचं, त्यावर म्हैसूर राज्य. मग 1973 नंतरचं, कर्नाटक. शेवटी 2014 च्या नोव्हेंबरनंतर बँकेकडून आलेला लिफाफा, त्यावर इंग्रजीत बेळगावी. घर तेच, उंबरा तोच, तुळशीकट्टाही तोच. या पानांवर आजींनी स्वतःचं एक अक्षरही लिहिलेलं नाही, फक्त समासात प्रत्येक लिफाफ्यापुढं ‘का’. सीमाप्रश्नावर मी बरीच पुस्तकं वाचली, महाजन आयोगाचा 1967 चा अहवालही चाळला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याच्या बातम्या तर आपण सगळेच वाचत आलो. पण राज्य बदलणं म्हणजे पोस्टमन तोच राहून पत्ता बदलणं, हे मला त्या वहीनं दाखवलं.

नातीला घेऊन त्या हिंडायच्या. किल्ल्यातल्या कमल बस्तीला तर किती वेळा गेल्या याला गणती नाही. ती बस्ती 1204 साली रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधवली. छताला दगडी कमळ आहे. नात खाली फरशीवर उताणी झोपून त्याच्या पाकळ्या मोजायची आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा यायचा. या बस्तीविषयीचे दोन कन्नड शिलालेख किल्ल्यात होते, ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे मी सांगितल्यावर आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दगड नेला ते नेला, त्यावर काय लिहिलंय ते तरी आणून दे.” एपिग्राफिया इंडिकामधल्या छापील वाचनाची मी झेरॉक्स काढून नेली आणि सुनेनं आणि मी मिळून जमेल तसा अर्थ लावला. राजाच्या बिरुदावलीशी आजींना कर्तव्य नव्हतं. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर बस्तीसाठी काय काय द्यायचं कबूल केलं होतं, त्या भागावर त्या थांबल्या. त्यात लाट देशाचे, म्हणजे गुजरातेकडचे व्यापारी आहेत, मलयाळी व्यापारी आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या वेणुग्रामाच्या बाजारात ही सगळी माणसं आपापल्या भाषेत घासाघीस करत होती. आजींनी वहीत लिहिलं: ‘तेव्हाही बाजारात एका भाषेवर कुणाचं भागत नव्हतं.’ समासात ‘का’.

आता जरा अवघड भागाकडं येतो.

2012-13 च्या सुमाराला कुणाच्या तरी कानावर या वह्यांची गोष्ट गेली आणि त्यातून निवडक साठ-सत्तर पानांची पुस्तिका काढायचं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगत नाही. माणसं भली होती आणि खर्च त्यांचा होता. मजकूर अक्षरजुळणीला जायच्या आधी एका पानावर गाडी अडली. त्या पानावर आजींनी 1929 या एका सालाची नोंद केली होती. त्या वर्षी बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष शिवराम महादेव परांजपे, ‘काळ’कर्ते. आणि त्याच वर्षी याच गावात कन्नड साहित्य संमेलनही भरलं, अध्यक्ष मास्ती व्यंकटेश अय्यंगार. दोन्ही नोंदी खरी माहिती आहेत, दोन्हींपुढं ‘का’. आजींनी त्या एकाखाली एक लिहिल्या होत्या, इतकंच. त्यांना सुचवण्यात आलं, की यातली दुसरी नोंद वगळावी, कारण ‘आपल्या वाचकाला तिची गरज नाही’. त्याऐवजी 1946 चं संमेलन घ्यावं, माडखोलकर अध्यक्ष होते ते, जिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आजी म्हणाल्या, 1946 चं घेतलंच आहे की, चार पानं पुढं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. पण हे पान 29 चं आहे.

मी मध्ये बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि वह्या पिशवीत भरल्या. पुस्तिका निघाली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूची मंडळी आली, कन्नडमध्ये भाषांतर करून छापतो म्हणाली. त्यांनाही तेच पान खुपलं, फक्त त्यांना पहिली नोंद नको होती. आजींना याचं वाईट वाटण्यापेक्षा हसूच आलं. “बघ की, दोघांना मिळून अख्खं पान नको आहे,” असं मला म्हणाल्या. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे मला सुनेकडून कळलं.

त्यांचा हट्ट कशासाठी होता? मला वाटतं, त्यांचा वाचक ठरलेला होता. ती पोर बापाकडून मराठी आणि आईकडून कन्नड. दोन नोंदींपैकी एक कापली असती तर तिच्या घरातलं अर्धं माणूस कापल्यासारखं झालं असतं. गावाचा इतिहास कुणाच्या बाजूचा, या वादात आजी पडल्याच नाहीत, कारण त्यांना तो ज्या मुलीला द्यायचा होता तिला बाजू नव्हती. आणि खरं बोलायचं तर आपल्या या भागातल्या किती घरांना ती आहे? ज्यांना ‘कर्नाटक सिंह’ म्हणतात त्या गंगाधरराव देशपांडे यांनी आपलं आत्मचरित्र मराठीत लिहिलं. टिळकांचे अनुयायी, गांधीजींच्या 1924 च्या अधिवेशनाचे यजमान. ‘माझी जीवनकथा’ सार्वजनिक वाचनालयातून आणून मी आजींना दिली, तर त्यांनी ती नातीला रोज थोडी वाचून दाखवली आणि अडेल तिथं कन्नडमध्ये सांगितली.

त्या अधिवेशनाबद्दल वह्यांत पुष्कळ आहे. गांधीजींनी काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलं ते एकदाच, आपल्या टिळकवाडीत, 1924 च्या डिसेंबरात. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल तिथं स्वागतगीत गायल्या. पाण्यासाठी विहीर खणली, तिला पंपा सरोवर म्हणत. आपण काँग्रेस विहीर म्हणतो ती. हे सगळं छापील पुस्तकांत मिळतं. आजींच्या वहीत जे आहे ते त्यांच्या सासऱ्यांचं. ते तेव्हा नऊ वर्षांचे. शहापूरहून चालत गेले, दिवसभर थांबले आणि परत आले. ‘गांधी दिसले नाहीत, माणसांच्या पाठी दिसल्या. शेंगदाणे आणि गूळ खाल्ला.’ बस, एवढंच. समासात ‘ऐ’.

वह्यांत सगळंच सारख्या तोलाचं आहे असं मी म्हणणार नाही. दुसरी वही जवळजवळ पूर्ण मांड्यांनी भरली आहे: कणीक किती तिंबायची, पुरण किती पातळ, कुठल्या लग्नात कुणाचे मांडे फाटले. दोन-तीन घराण्यांवर त्यांचा राग होता, तो लपलेला नाही. आणि पहिल्या तीन वह्यांत फक्त त्यांच्या ओळखीची, त्यांच्या ओसरीवर बसू शकणारी घरं आहेत. हे त्यांना दाखवून दिलं ते नातीनं, आठवीत असताना. शाळेत शेजारी बसणारी मैत्रीण विणकरांची होती. “अज्जी, हिचं घर तुझ्या वहीत का नाही?” शहापूर आणि वडगाव म्हणजे मागांचा खडखडाट, शहापुरी साडी नेसून आजींचं स्वतःचं लग्न झालं होतं. आणि तरी त्या साडीचा माग वहीत नव्हता. आजी त्याच आठवड्यात वडगावला गेल्या. पुढं वर्षभर दर गुरुवारी जात राहिल्या. पाचवी, सहावी आणि सातवी वही ही त्या फेऱ्यांची आहे, आणि माझ्या मते अकरा वह्यांतला सोन्याचा भाग तोच. ताणा घालणाऱ्या बायका, खळ लावायची पद्धत, मजुरी, कर्ज, हातमाग जाऊन यंत्रमाग आल्यावर कुणाचे हात रिकामे झाले ते. प्लेगच्या आठवणीही तिथल्याच. 1896 साली मुंबईत आलेली साथ लवकरच आपल्याकडं पोचली आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, हे आपण ऐकलेलं असतं. पण माग रानात नेता येत नाही. मग विणकर काय करत होते? एका म्हातारीनं आपल्या आजेसासूकडून ऐकलेलं आजींना सांगितलं: एक माणूस मागाजवळ राहायचा. कोण राहायचं हे घरात चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

विहिरींची यादीही याच वह्यांत आहे. राकसकोपचं पाणी नळानं घरात येण्याआधी कुठल्या गल्लीला कुठली विहीर, तिला आत झरे किती, कुणाला तिथं पाणी भरायची बंदी होती आणि ती कुठल्या साली उठली. हा शेवटचा रकाना आजींनी कसा मिळवला असेल, याचं मला अजून नवल वाटतं. विचारायला धीर लागतो, आणि ओसरीवर बसलेल्या बाईनं विचारायला तर जास्तच.

नात आज बंगळुरूला असते, नोकरी करते. मराठी छान बोलते, बेळगावची मराठी: “येतो की मी रविवारी,” असं. पण देवनागरी वाचताना अडखळते, आणि आजींचं ते धावतं, शिरोरेघ न दिलेलं अक्षर तिला लागत नाही. बाराव्या-तेराव्या दिवसाची कामं आटोपल्यावर ती वह्या घेऊन गेली. मी म्हटलं होतं, इथं वाचनालयात ठेवू. ती म्हणाली, ठेवू, पण मी वाचल्यावर.

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. ती व्हॉट्सअपवर एकेका पानाचा फोटो पाठवते. रविवारी संध्याकाळी फोन लावते, मी पान मोठ्यानं वाचतो आणि ती कन्नडमध्ये लिहून घेते. समासातलं ‘ऐ’, ‘पा’, ‘का’ ती तसंच ठेवते आहे. 1929 चं पान आम्ही सगळ्यात आधी केलं. ते तिनंच मागितलं. सुरुवातीला मला वाटायचं, मी सांगतो आहे आणि ती घेते आहे. तसं ते राहिलेलं नाही. तूप आणि तुप्पा, अडकित्ता आणि अडकोत्तु असे शब्द आले की आम्ही दोघं थांबतो आणि कुणी कुणाकडून घेतलं यावर दहा मिनिटं जातात. तिच्या आईच्या माहेरी अजून ‘खोली’ म्हणतात, कन्नडमध्ये बोलताना, हे मला तिनं सांगितलं.

परवाच्या रविवारी सातव्या वहीत, वडगावच्या एका घराच्या वर्णनात मी अडलो. वाक्य असं होतं: ‘मागघराच्या मागं हगेव होतं, प्लेगात त्यातली ज्वारी पुरली.’ हगेव? मी अक्षर मोठं करून पाहिलं, मोडीचं वळण आहे का ते पाहिलं. पलीकडून ती म्हणाली, “सर, हगेवु. जमिनीत खड्डा करून धान्य ठेवतात ना, ते. माझ्या अज्जाच्या घरी होतं, मी लहानपणी त्यात डोकावले आहे.” म्हणजे आपलं पेव. मराठी वाक्य लिहिता लिहिता आजींना तो कन्नड शब्द सुचला होता, कारण सांगणारी बाई कन्नड बोलत होती, आणि त्यांनी तो बदलला नव्हता. तिनं मला विचारलं, पेव म्हणजे ‘पेव फुटलं’ म्हणतात त्यातलंच का? मी म्हटलं, त्यातलंच. ती हसली आणि पुढचं पान पाठवलं. त्यावर आणखी एका विहिरीची हकीकत आहे, अक्षर बारीक आहे, समासात ‘ऐ’ आहे आणि शेजारी वेगळ्या शाईनं, नंतर कधीतरी लिहिलेला, ‘का’.